सगळ्या सर्व्हिस तुमच्यावरच येणार, त्याची तयारी कशी करायची

गावातल्या मैदानावर सहा-सहा जणांचं व्हॉलीबॉल खेळून आलेली पोरं पहिल्यांदा वाळूवर, म्हणजे दोन-दोन जणांच्या बीच व्हॉलीबॉलला, उतरतात तेव्हा त्यांना वाटतं की इथे अवघड काय असेल तर ती वाळूतली उडी. उडी दीड-दोन महिन्यांत जमते. खरं अवघड वेगळंच आहे. समोरची जोडी पहिल्या पाच-सहा पॉईंटमध्ये ठरवते की या दोघांतला कच्चा कोण, आणि मग मॅच संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येक सर्व्हिस त्याच्यावर. बदली खेळाडू नाही, लपायला कोपरा नाही, लिबेरो (फक्त मागे पास-बचाव करणारा खास खेळाडू) नाही, आणि पास तुम्हीच दिलाय म्हटल्यावर लिफ्ट (मारण्यासाठी वर उचलून दिलेला बॉल) पार्टनर देणार म्हणजे मारायचंही तुम्हालाच. एक माणूस पास देतो, धावतो, उडी मारतो, मारतो, परत मागे येतो आणि परत तोच पास देतो, चाळीस मिनिटं.

मी गेली बरीच वर्षं असा सर्व्हिस खाणारा खेळाडू आहे, आधी गोव्यात पेडण्याच्या बाजूला केरी-मोरजीला खेळलो, मग पणजीला नोकरी लागल्यावर मिरामारला, आता संध्याकाळी पोरांना शिकवतो. म्हणून हा लेख त्या माणसाच्या बाजूने लिहिलाय. ब्लॉक-डिफेन्सवर थोडंच सांगेन, कारण माझ्या मते शिकणाऱ्या जोड्या मॅच तिथे हरत नाहीत, पासात हरतात आणि पासाच्या आधीच्या दहा सेकंदात हरतात.

मैदानावरून आलात तर आधी हे लक्षात घ्या

इनडोअरला एका बाजूचं कोर्ट ९ बाय ९ आणि माणसं सहा, म्हणजे माणशी साडेतेरा चौरस मीटर. बीचला ८ बाय ८ आणि माणसं दोन, म्हणजे माणशी ३२. नेट तेवढंच, पुरुषांना २.४३ मीटर, बायकांना २.२४. बॉलमध्ये हवा मात्र इनडोअरपेक्षा बरीच कमी असते त्यामुळे तो हाताला मऊ लागतो आणि जोरात मारला तरी लवकर मंदावतो. सेट २१ चा, तिसरा १५ चा, दोनचा फरक लागतो. दर ७ पॉईंटला बाजू बदलते, तिसऱ्या सेटला दर ५ ला. ब्लॉकला लागलेला बॉल एक टच धरतात, मग दोनच उरतात. उघड्या बोटांनी टिप (नेटवरून हळूच ढकललेला बॉल) टाकता येत नाही, बोटांच्या पेरांनी किंवा ताठ बोटांच्या टोकांनी टाकावा लागतो. आणि सर्व्हिस वरच्या हातांनी बोटांवर घ्यायच्या फंदात पडू नका, डबल (दोनदा हात लागल्याची चूक) दिलीच म्हणून समजा.

इनडोअर आणि बीच दोन्हीकडे ऑलिम्पिक गोल्ड मिळवणारा माणूस आजवर एकच आहे, अमेरिकेचा कार्च किराय, १९८४ आणि १९८८ ला इनडोअर, मग १९९६ ला अटलांटात बीच, जिथे हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला. हे यासाठी सांगतोय की तुमचा मैदानावरचा हात वाया जात नाही, पण तो वाळूवर आपोआप चालतही नाही.

पायरी १: वारा बघा, वॉर्मअपच्या आधी

आपल्याकडचे बहुतेक किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत. कोर्ट साधारण किनाऱ्याला समांतर टाकतात, म्हणजे उत्तर-दक्षिण, नाहीतर संध्याकाळचं ऊन एका टीमच्या थेट डोळ्यांत जातं. थंडीतल्या सकाळी वारा जमिनीकडून हळू येतो, कधी कधी नसतोच, आणि दुपार झाली की समुद्राकडून सुरू होतो तो वायव्येचा. फेब्रुवारी ते मे या दिवसांत दुपारी तीन-चारला तो चांगलाच अंगावर येतो. म्हणजे सकाळच्या पहिल्या मॅचला जे कोर्ट होतं ते सेमीफायनलला राहत नाही, वाळू तीच पण खेळ दुसरा.

आता हे नीट डोक्यात बसवा. वायव्येचा वारा असताना उत्तरेच्या बाजूला उभं राहिलात तर तो तुमच्या पाठीवर, थोडा उजवीकडून येतो. दक्षिणेच्या बाजूला राहिलात तर तोंडावर, थोडा डावीकडून. तोंडावर वारा असलेली बाजू चांगली. ऐकायला उलटं वाटतं, पण तिथून जोरात सर्व्हिस मारली तरी वारा बॉल आत ठेवतो, फ्लोट सर्व्हिस (न फिरता जाणारी) डोलते आणि शेवटी एकदम खाली पडते. पाठीवर वारा असलेल्या बाजूला तुमचा पास स्वतःहून नेटकडे सरकतो, लिफ्ट नेटपलीकडे जायला बघते, मारलेला बॉल मागच्या लाईनबाहेर जातो.

टॉस जिंकलात तर चांगली बाजू घ्यायची की सर्व्हिस, यावर लोक वाद घालतात. वारा जोराचा असेल तर मी बाजूच घेतो. वारा कळत नसेल तर मूठभर कोरडी वाळू खांद्याच्या उंचीवरून सोडून बघा, आणि नुसती अंगाजवळ नाही, नेटच्या वरही काय चाललंय ते अँटेनाला (नेटच्या कडेच्या उभ्या काठीला) बांधलेल्या एखाद्या दोऱ्यावरून किंवा शॅकच्या झेंड्यावरून बघा. माडांच्या आडोशाला असलेल्या कोर्टवर खाली वारा लागत नाही आणि वर गेलेला बॉल मात्र उडतो, हा फसवा प्रकार आहे.

पायरी २: उभं कुठे राहायचं

नेटपासून पाच-साडेपाच मीटर, दोघांनी आपापला अर्धा कोर्ट मधोमध धरून. पाठीवर वारा असेल तर समोरची सर्व्हिस वाऱ्याविरुद्ध येतेय, ती आखूड पडणार, म्हणून अर्धं पाऊल पुढे. तोंडावर वारा असेल तर सर्व्हिस वाऱ्यावर बसून येते, अर्धं पाऊल मागे. मधला बॉल कुणाचा हे मॅचआधी बोलून ठेवा. साधा नियम असा की सर्व्ह करणारा ज्याच्या तिरक्या बाजूला आहे त्याचा, कारण बॉल त्याच्या समोरून येतो आणि दुसऱ्याच्या समोरून निघून जातो. दोघांनी एकमेकांकडे बघत राहिलं आणि बॉल मधे पडला, हा पॉईंट गेल्याचं दुःख फार टिकतं म्हणून आधीच ठरवलेलं बरं.

पायरी ३: पास

इथे वेळ घालवा, बाकी सगळं यावर उभं आहे.

पहिलं म्हणजे डोळे. बॉल नेट ओलांडतो तेव्हा बघायला सुरुवात केलीत तर उशीर झाला. सर्व्ह करणाऱ्याच्या टॉसच्या हातावर, म्हणजे बॉल वर टाकणाऱ्या हातावर, नजर ठेवा, मग त्याच्या तळव्यावर जिथे बॉल लागणार तिथे, आणि तिथून बॉलबरोबर या. कॅनडाच्या जोन विकर्स या संशोधक बाईंनी खेळाडूंच्या नजरेचा बराच अभ्यास केलाय आणि व्हॉलीबॉलच्या रिसीव्हवरही केलाय, त्यात दिसलेली गोष्ट हीच की चांगल्या रिसीव्हरची नजर बॉलवर लवकर बसते आणि स्थिर राहते, कच्च्याची इकडेतिकडे उडत राहते. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे डोकं शांत ठेवण्याचं जे बोलणार आहे त्याची सुरुवात डोळ्यांपासूनच होते. नजर एका जागी असली की विचार पळायला जागा कमी मिळते.

दुसरं म्हणजे पाय. वाळूत मोठं पाऊल रुततं. छोटी, लवकर पडणारी पावलं टाका, वजन पायाच्या पुढच्या भागावर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉल हाताला लागायच्या आधी थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा. माझ्याकडे येणाऱ्या दहा पोरांतली आठ पोरं चालता चालता पास देतात आणि मग म्हणतात बॉल सरकला. तुम्ही सरकलात, बॉल नाही सरकला.

तिसरं हात. हात लवकर जोडा, कोपरं सरळ, अंगठे शेजारी आणि खालच्या दिशेला, खांदे थोडे पुढे ओढलेले. बॉल मनगटाच्या वर, हाताच्या सपाट भागावर घ्यायचा. फ्लोटला हात हलवायचे नाहीत, फक्त त्या जागी नेऊन दाखवायचे, जोर पायांतून थोडासा द्यायचा. जंप टॉपस्पिनला (उडी मारून, बॉल पुढे फिरवत मारलेल्या सर्व्हिसला) तर तेवढाही नको, त्याच्यात स्वतःचा जोर असतो. बॉल डावीकडे आला तर उजवा खांदा थोडा खाली घ्या म्हणजे हातांचं तोंड आपोआप कोर्टच्या आत वळतं, उजवीकडे आला तर डावा.

चौथं, पास टाकायचा कुठे. मैदानावरची सवय असते नेटला चिकटवून द्यायची. ती इथे सोडा. तुमच्या समोर सरळ, किंचित आतल्या बाजूला, नेटपासून दोन मीटरवर पडेल असा. उंची वारा नसेल तर अँटेनाच्या टोकाइतकी पुरे, ते नेटच्या ८० सेंटिमीटर वर असतं. वारा असेल तर नेटच्या पट्टीच्या जरासा वर, बस. जितका बॉल हवेत जास्त वेळ तितकं वाऱ्याला काम जास्त. पाठीवर वारा असेल तर अडीच-तीन मीटरवर टाकायचा विचार करा, वारा तो दोन मीटरवर नेऊन ठेवेल.

आणि पास देताना मनात काय असावं? हाताचं काही नसावं. कोपर सरळ आहे का, खांदा खाली आहे का, हे सगळं सरावाच्या वेळी. मॅचमध्ये फक्त वाळूवरची ती जागा. मी पोरांना पायाने वाळूत परातीएवढं गोल काढून देतो, त्यात बॉल पडायला हवा, एवढंच बघायला सांगतो. लक्ष शरीरावरून काढून जागेवर नेलं की शरीर बरंच काही स्वतःहून नीट करतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता शंका उरली नाही.

पायरी ४: पास दिला, आता मारायचंय

पास देऊन उभे राहू नका आणि लगेच नेटकडे पळूही नका. दोन पावलं टाकून थांबा, पार्टनरच्या हातातून बॉल निघेपर्यंत बघा, मग निघा. वाळूत रन-अपचा वेग उडीत फारसा बदलत नाही कारण पाय रोवायला कठीण जमीन नाही, त्यामुळे लांबून जोरात धावत येण्यात अर्थ नाही. शेवटची दोन पावलं पटपट, दोन्ही पाय जवळजवळ सपाट, हात मागून जोरात वर आणि उडी सरळ वर. पुढे उडी मारली तर बॉल डोक्यामागे राहतो नाहीतर नेटला लागता.

दमलेला माणूस काय करतो ते सांगतो, तो प्रत्येक बॉल ताकदीने मारतो कारण विचार करायचं बळ उरलेलं नसतं. त्याच्या उलट करा. ब्लॉकर उभा असेल तर त्याच्या डोक्यावरून लाईनच्या मागच्या कोपऱ्यात सोडलेला शॉट, नाहीतर नेटला जवळजवळ समांतर जाणारा कट शॉट, हे दोन आधी पक्के करा. दोन्हीला रन-अप आणि हात मागे नेणं अगदी स्मॅशसारखंच दिसायला हवं, फरक शेवटच्या क्षणी मनगटात. हात आधीच मंद झाला की डिफेन्सवाला धावायला लागतो.

पार्टनरने ओरडायचं असतं कुठे मोकळं आहे ते. इथे एक गोष्ट आधी ठरवा, 'लाईन' ओरडलं म्हणजे लाईन मोकळी की लाईनवर माणूस? यावरून मी चांगल्या जोड्यांचे पॉईंट गेलेले बघितलेत. आमच्याकडे मोकळी जागा ओरडतात. ब्लॉक नसेल तर कोकणीत 'कोण ना!' (कोणी नाही) ओरडतो, छोटं आहे, वाऱ्यातही ऐकू येतं.

पायरी ५: ज्याच्यावर सर्व्हिस येत नाही त्याचं काम

हा माणूस निवांत दिसतो पण त्याच्या हातात बरंच आहे. सर्व्हिस पार्टनरकडे निघाली हे दिसल्याबरोबर त्याने नेटकडे सरकायला हवं, पास कसा येतो ते बघत बसायचं नाही. लिफ्ट हातांवर देता येत असेल तर उत्तम, पण वाऱ्यात आणि वाकड्या पासावर अंडरहँड लिफ्टच द्या, बॉल जिथे पाठवायचा तिकडे तोंड करून, हात सरळ, पायांनी उचलून. नेटपासून एक मीटर आत ठेवा. दमलेल्या पार्टनरला नेटला चिकटलेली लिफ्ट देणं म्हणजे ब्लॉकरला बॉल देणं.

दुसरं काम धाक ठेवण्याचं. पास चांगला आला तर अधूनमधून दुसऱ्या टचला स्वतःच मारा. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वीडनच्या डेव्हिड ओमान आणि योनातन हेलविग यांनी गोल्ड घेतलं, त्यांचा खेळ बघितलात तर कळेल मी काय म्हणतोय ते. लिफ्ट देणारा उडी मारून बॉल घेतो, तिथून तो मारूही शकतो आणि लिफ्टही देऊ शकतो, ब्लॉकरला शेवटपर्यंत कळत नाही. एकाच माणसावर सर्व्हिस मारत राहायचा हिशोबच मग बिघडतो, कारण मारणारा एक उरत नाही. आपल्याला तसं हवेत राहता येणार नाही, पण सेटमध्ये दोन-तीन वेळा दुसऱ्या टचला मोकळ्या कोपऱ्यात बॉल टाकला तरी समोरचा ब्लॉकर जागचा हलताना विचार करायला लागतो, आणि सर्व्हिस खाणाऱ्या तुमच्या पार्टनरला तेवढाच श्वास मिळतो.

पायरी ६: दोन पॉईंटच्या मधले दहा-बारा सेकंद

आता मुख्य गोष्ट. ही मला कोलवाला एका स्पर्धेत कळली. आम्ही पहिल्या सेटला १४-९ ने पुढे, उत्तरेच्या बाजूला, दुपारचे साडेतीन वाजलेले, वारा पाठीवर. समोरच्याने माझ्यावर फ्लोट टाकली, पास जरा जोरात गेला आणि वाऱ्याने नेटपलीकडे नेला, त्यांनी तिथूनच मारला. १०. पुढच्या सर्व्हिसला मी मनात म्हटलं आता आखूड द्यायचा, इतका आखूड दिला की पार्टनरला गुडघ्यावर पडून उचलावा लागला. ११. त्याच्या पुढच्याला म्हटलं आता जरा पुढे, तर परत नेटवर. मग एक हाताला लागून सरळ मागे गेला, एक मी बाहेर जाईल म्हणून सोडला तो लाईनवर पडला. १४-१४. पाच बॉल, पाच वेगवेगळ्या चुका, आणि प्रत्येक चूक आधीच्या चुकीची दुरुस्ती करताना झालेली. समोरून येणारा बॉल मी खेळतच नव्हतो, मागे गेलेला बॉल खेळत होतो.

१४-१४ म्हणजे २८ पॉईंट, बाजू बदलायची वेळ. नेटच्या खांबाजवळून जाताना पार्टनरने माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याचा टॉस कुठल्या हाताने होता रे?" मला सांगता आलं नाही. पाच सर्व्हिस खाल्ल्या आणि एकदाही मी त्याच्या हाताकडे बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "मग आता तेवढंच बघ, बाकी मी करतो." तो सेट आम्ही १८-२१ ने हरलो, पण पुढचे दोन घेतले, आणि त्या प्रश्नावरून मी एक क्रम बसवला जो आजही करतो. दोन पॉईंटच्या मधे दहा-बारा सेकंद असतात. ते असे वापरा.

पहिले तीन सेकंद, पाठ नेटकडे. पॉईंट गेला की नेटकडे पाठ करा आणि मागच्या लाईनकडे चालायला लागा. समोरच्यांचा आनंद बघायचा नाही. हातावरची वाळू झटका, मनगटापासून कोपरापर्यंत, दोन्ही हात. हे नुसतं वाळूसाठी नाही, झटकणं म्हणजे तो पॉईंट संपला असं शरीराला सांगणं, आणि दर वेळी तेच केलं की त्याची सवय लागते. राग आला असेल तर याच तीन सेकंदात येऊ द्या, दाबू नका, फक्त त्याला पुढचे सेकंद देऊ नका.

पुढचे दोन-तीन सेकंद, एक श्वास. नाकाने आत, तोंडाने बाहेर, आणि बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ. एकच पण पूर्ण. खांदे कानांजवळ चढलेले असतात ते तेव्हाच खाली येतात, आणि चढलेल्या खांद्यांनी पास देता येत नाही हे तंत्रातलंच कारण आहे, योगाबिगाचं सोडा.

मग पार्टनरशी एक वाक्य, पुढच्या बॉलबद्दल. "आखूड येणार." "मधला माझा." "कट मोकळा आहे." सॉरी म्हणू नका. खरंच म्हणू नका, कारण सॉरी म्हटलं की पार्टनरला 'काही नाही रे' म्हणावं लागतं आणि दोघांचे मिळून चार सेकंद मागच्या बॉलवर गेले.

शेवटचे तीन-चार सेकंद, पाय आणि डोळे. पायाखालची वाळू सपाट करा, आधीच्या पॉईंटला पडलेले खड्डे बुजवा (पाय मुरगळू नये म्हणूनही हे बरं), मग नजर सर्व्ह करणाऱ्याच्या टॉसच्या हातावर आणि मनात एकच शब्द. माझा शब्द 'हात' आहे, म्हणजे त्याचा हात बघ. एका पोरीचा 'थांब' आहे कारण ती चालता चालता पास द्यायची. तुमची जी चूक सारखी होते तिच्यावरून शब्द निवडा, पण 'नको' असलेला शब्द घेऊ नका. 'नेटवर नको' म्हटलं की डोळ्यासमोर नेटच येतं.

हा क्रम पॉईंट जिंकल्यावरही करायचा, नेमका तेव्हाच लोक विसरतात. चांगला स्मॅश बसला की पुढच्या सर्व्हिसला अर्ध मन अजून त्या स्मॅशमध्ये असतं.

हिशोबाची एक गोष्ट डोकं हलकं करते म्हणून सांगतो. बीचला सर्व्हिस घेणाऱ्या बाजूला पॉईंट मिळायची शक्यता जास्त असते, कारण पास-लिफ्ट-स्मॅश त्यांच्या हातात. म्हणजे तुमची सर्व्हिस असताना पॉईंट गेला तर काहीही बिघडलेलं नाही, ते होणारच. आणि खराब बाजूला, म्हणजे पाठीवर वारा असलेल्या, तुम्ही एका वेळी फक्त सात पॉईंट असता. त्या सातांतले तीन आले तरी चालतात. मी खराब बाजूला गेलो की एकूण स्कोअर बघायचंच सोडतो, तीन गोळा करायचे एवढंच.

टाइमआउट सेटला एकच मिळतो, ३० सेकंदांचा. सलग तीन गेले की घ्या, पाचची वाट बघू नका. त्यात पाणी, सावली, आणि पुढची एक सर्व्हिस कशी खेळायची तेवढंच. वडीलधाऱ्यांनी, मित्रांनी बाजूने ओरडलेलं दहा प्रकारचं मार्गदर्शन तिथे आणू नका.

पार्टनर सर्व्हिस खात असेल तर तुमच्या तोंडावर काय दिसतंय याकडे लक्ष द्या. तो प्रत्येक चुकीनंतर आधी तुमच्याकडे बघतो. वर आकाशाकडे बघून हात पसरणं, मान हलवणं, हे त्याच्या पुढच्या पासात उतरतं. केरी वॉल्श जेनिंग्स आणि मिस्टी मे-ट्रेनर यांनी २००४, २००८ आणि २०१२ असे तीन गोल्ड लागोपाठ घेतले, त्यांच्या मॅच मिळाल्या तर बॉल सोडून मधल्या सेकंदांत त्या एकमेकींशी कशा वागतात ते बघा, जवळजवळ प्रत्येक पॉईंटनंतर जवळ येतात, हाताला हात लावतात. आमच्याकडची मुलं लाजतात असलं करायला. लाजू नका.

पायरी ७: आपली सर्व्हिस आणि ब्लॉक, थोडक्यात

हेच सगळं समोरच्याच्या बाबतीत उलटं लावा. कच्चा कोण ते शोधा, आणि त्याच्यातही कुठला बॉल नको असतो ते शोधा, आखूड, मागे, की उजव्या खांद्यावर. फ्लोट मारताना टॉस कमी उंच, तळवा ताठ, बॉलच्या मधोमध, मारून हात तिथेच थांबवायचा म्हणजे बॉल फिरत नाही. सर्व्हिसच्या आधी ब्लॉकर पाठीमागे बोटं दाखवतो, एक बोट म्हणजे लाईन अडवणार, दोन म्हणजे क्रॉस (तिरका मारा), मूठ म्हणजे ब्लॉक नाही, डावा हात त्याच्या डावीकडच्या मारणाऱ्यासाठी, उजवा उजवीकडच्यासाठी. डिफेन्सवाल्याने समोरच्याचा हात बॉलला लागतो त्या क्षणी थांबलेलं असायला हवं. धावत असलेल्या माणसाला उलट दिशेला वळता येत नाही, वाळूत तर नाहीच. लिफ्ट नेटपासून लांब पडली तर ब्लॉकरने उडी न मारता मागे यावं.

पायरी ८: सराव कसा

आठवड्यात तीन दिवस मिळत असतील तर एक दिवस पूर्ण पासाला द्या. पार्टनर दहा सर्व्हिस मारतो, तुम्ही वाळूतल्या गोलात पास टाकता, पुढे काही खेळायचं नाही, दहातले किती पडले ते मोजायचं. मग बाजू बदलून परत. खराब बाजूला जास्त करा.

दुसरा प्रकार आमच्याकडे सगळ्यांना नकोसा वाटतो पण सगळ्यात कामाचा आहे. चार जण असतील तेव्हा सगळ्या सर्व्हिस एकाच माणसावर, आणि त्याच्या जोडीने सात पॉईंट घेतल्याशिवाय थांबायचं नाही. लागोपाठ दोन गेले की मोजणी शून्यावर. पाचवर असताना शून्यावर आलेला माणूस काय करतो ते बघा, कारण मॅचमध्ये तो नेमकं तेच करणार आहे. या सरावात प्रत्येक पॉईंटनंतर वरचा दहा-बारा सेकंदांचा क्रम पूर्ण करायचा, चौथा माणूस मोठ्याने सेकंद मोजतो. सुरुवातीला नाटक वाटतं, तीन आठवड्यांनी हात आपोआप वाळू झटकायला लागतात.

मोरजी, मांद्रे या बाजूला खेळत असाल तर कासवांच्या अंड्यांसाठी कुंपण घातलेल्या जागांपासून कोर्ट लांब टाका आणि अंधार पडल्यावर दिवे लावून खेळू नका. आगोंद आणि गालजीबागलाही तेच. पाण्याजवळची घट्ट ओली वाळू पळायला बरी पण सराव तिथे करू नका, स्पर्धेचं कोर्ट वरच्या कोरड्या खोल वाळूत असतं.

मॅचच्या दिवशी

सकाळी पेज आणि मीठ, किंवा तुम्हाला रोज पचतं तेच, नवीन काही नाही. एप्रिल-मेमध्ये घामातून मीठ फार जातं, नुसतं पाणी पीत राहिलात तर पिंढरीत गोळे येऊ शकतात, म्हणून मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा कोकम बरोबर ठेवा. टोपी, गॉगल, दुपारच्या वाळूसाठी मोजे. दोन मॅचच्या मधे सावलीत पाय वर करून बसा, दुसऱ्यांच्या मॅच उभ्याने बघत बसू नका.

वॉर्मअपला स्मॅश मारायची सगळ्यांना घाई असते. ती वेळ मी वेगळी वापरतो, खराब बाजूला उभा राहतो आणि पार्टनरला सांगतो की दहा सर्व्हिस मार, पूर्ण जोराने, माझ्यावरच. पहिले तीन-चार पास वाईट जातात, वारा हाताला कळतो, पुढचे बरे पडतात. मग तो विचारतो, "टॉस कुठल्या हाताने होता?" आणि मी सांगतो.